मध्यवर्ती केंद्राविना संभाषण : मुक्त सॉफ्टवेअरचा विकेंद्रित मार्ग

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पिंपरीकडे जाताना दापोडी आणि फुगेवाडी ओलांडल्यावर कासारवाडी लागते. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील स्थानक, त्याला समांतर जाणारा महामार्ग आणि जवळच्याच नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी व चाकणकडे निघणारा रस्ता यांमुळे कासारवाडी हे पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील दळणवळणाचे एक संगमस्थान बनले आहे. या परिसरात १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी या टप्प्यावर मेट्रो सुरू झाली आणि कासारवाडीस आणखी एक स्थानक मिळाले.

कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या या वस्तीत मराठवाडा, खानदेश, सातारा, सोलापूर येथून आलेली, तसेच उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेली कुटुंबे राहतात. पाळी संपवून घरी परतलेला कामगार गावाकडील आईवडिलांशी बोलतो. भोसरीतील लघुउद्योजक आपण तयार केलेला सुटा भाग कॅमेऱ्यापुढे धरून चाकणच्या अभियंत्यास दाखवितो. परदेशी गेलेली मुलगी रविवारी सकाळी पडद्यावर दिसते. ही सर्व संभाषणे आज हातातील मोबाईलवरून होतात आणि त्यांसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. म्हणूनच ती कोण जोडून देतो, त्यांची नोंद कोठे राहते आणि जोडून देणाऱ्याने उद्या सेवा बंद केली तर काय होईल, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

या प्रश्नांचे एक उत्तर 'विकेंद्रित मुक्त सॉफ्टवेअर' या स्वरूपात पुढे आले आहे. कोणत्याही मध्यवर्ती कंपनीच्या संगणकावर खाते न उघडता दोन व्यक्तींना एकमेकांशी बोलता यावे व एकमेकांस पाहता यावे, अशी ही व्यवस्था आहे. ती प्रत्यक्षात कशी चालते, तिचे लाभ कोणते आणि त्या लाभांबरोबर वापरणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याचा परिचय येथे करून दिला आहे.

दूरध्वनी केंद्र ते सर्व्हर

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. तेव्हापासून शंभर वर्षे दूरध्वनीची रचना मूलतः एकच राहिली. प्रत्येक घरातून निघालेली तार केंद्रात जाई आणि केंद्रात ती दुसऱ्या तारेस जोडली जाई. आरंभी हे काम ऑपरेटर हाताने करीत. पुढे यंत्रे करू लागली. १९८४ साली केंद्र सरकारने 'सी-डॉट' ही संस्था स्थापन केली. या संस्थेने भारतीय हवामानास अनुरूप, वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र तयार केले आणि १९८६ साली ते कर्नाटकातील कित्तूर येथे प्रथम बसविण्यात आले. अशा केंद्रांमुळे दूरध्वनी खेड्यापर्यंत पोहोचला आणि पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गावोगावी दिसू लागले. केंद्र लहान झाले, गावाजवळ आले. तथापि केंद्राची आवश्यकता संपली नाही.

इंटरनेटची रचना याहून वेगळी आहे. त्यावरील कोणताही संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकास माहितीची पुडकी पाठवू शकतो, हे त्याचे मूळ तत्त्व होय. असे असूनही इंटरनेटवरील संभाषणाच्या बहुतेक लोकप्रिय सेवा पुन्हा केंद्राभोवतीच उभ्या राहिल्या. मोबाईलवरील नावाला स्पर्श केला की प्रथम कंपनीच्या सर्व्हरला, म्हणजे मध्यवर्ती संगणकाला, विचारणा होते. ती व्यक्ती या क्षणी कोठे जोडलेली आहे, हे त्यालाच ठाऊक असते. आज यांपैकी अनेक सेवा बोलणे कूटबद्ध करतात, म्हणजे मधल्या कोणाला समजणार नाही अशा स्वरूपात बदलून पाठवितात, ही गोष्ट खरी आहे. परंतु कोणी, कोणाशी, केव्हा आणि किती वेळ संपर्क साधला, ही माहिती केंद्राच्या हाती येऊ शकते. आणि खाते चालू ठेवण्याचा वा बंद करण्याचा अधिकारही केंद्राकडेच राहतो.

केंद्रावर किती भार पडलेला आहे, याचा प्रत्यय ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आला. फेसबुक कंपनीच्या अंतर्गत जाळ्याच्या व्यवस्थेत करावयाच्या एका बदलात चूक झाली आणि फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅप या सेवा जगभर सुमारे सहा तास ठप्प झाल्या. त्या वेळी कासारवाडीतील मोबाईल सुरू होता, गावाकडील मोबाईल सुरू होता आणि मधले इंटरनेटही सुरू होते. बंद पडले होते ते फक्त या दोघांची गाठ घालून देणारे केंद्र.

स्काइपचा इतिहास याहूनही उद्बोधक आहे. २००३ साली सुरू झालेली ही सेवा आरंभी बरीचशी विकेंद्रित होती. वापरणाऱ्यांच्याच संगणकांपैकी काही संगणक इतरांची गाठ घालून देण्याचे काम करीत. २०११ साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि पुढील वर्षी हे काम कंपनीच्या स्वतःच्या संगणकांकडे सोपविण्यात आले. परदेशस्थ मुलांशी बोलण्यासाठी कित्येक मराठी घरांनी संगणकास पहिला कॅमेरा जोडला तो स्काइपसाठीच. ५ मे २०२५ रोजी ही सेवा बंद झाली. स्काइपचा मूळ मजकूर बंदिस्त असल्याने ती पुढे चालविण्याचा मार्ग वापरणाऱ्यांपुढे नव्हता. केवळ विकेंद्रित रचना पुरेशी नाही, सॉफ्टवेअरही मुक्त असावे लागते, हा या घटनाक्रमाचा बोध होय.

मुक्त आणि मोफत

इंग्रजी भाषेत 'मुक्त' आणि 'मोफत' या दोन्ही अर्थांसाठी एकच शब्द वापरला जातो व त्यातून बराच गोंधळ होतो. मराठीत हे दोन शब्द स्वतंत्र आहेत, ही आपली सोय आहे. जे विनामूल्य मिळते ते मोफत. ज्याचा वापर करण्याचे, ज्याचा मूळ मजकूर तपासून आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याचे, ज्याच्या प्रती इतरांना देण्याचे आणि बदललेली आवृत्तीही वाटण्याचे स्वातंत्र्य असते, ते मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे ही चार स्वातंत्र्ये मुक्त सॉफ्टवेअरचा पाया मानली जाऊ लागली.

संभाषणाच्या साधनाबाबत या स्वातंत्र्यांना विशेष महत्त्व आहे. 'आम्ही तुमचे बोलणे ऐकत नाही' असे एखादी कंपनी सांगते, तेव्हा त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे ग्राहकास फारसे काही करता येत नाही. सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर खुला असल्यास कोणत्याही जाणकारास तो तपासता येतो. प्रत्येक नागरिक तो वाचणार नाही, हे उघड आहे. सहकारी संस्थेचे हिशेबही प्रत्येक सभासद तपासत नाही. परंतु ते तपासता येतात आणि लेखापरीक्षक ते तपासतो, यामुळे व्यवहारास शिस्त राहते. भारत सरकारनेही २०१५ साली शासकीय कामकाजात खुल्या मूळ मजकुराच्या सॉफ्टवेअरचा अंगीकार करण्याविषयीचे धोरण जाहीर केले आहे.

'जामी'ची ओळख

विकेंद्रित संभाषणाचे एक चांगले उदाहरण म्हणजे 'जामी' हे सॉफ्टवेअर. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील 'साव्हुआर-फेर लिनक्स' या कंपनीत त्याचा विकास झाला. आरंभी त्याचे नाव 'एसएफएलफोन' होते, नंतर 'रिंग' झाले आणि २०१८ साली 'जामी' हे नाव देण्यात आले. समुदाय या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून ते घेतले आहे. २०१६ पासून ते 'ग्नू' प्रकल्पाचा भाग आहे. मोबाईलवर तसेच विंडोज, मॅक व लिनक्स संगणकांवर ते चालते.

समजा, कासारवाडीत राहणाऱ्या एका कामगारास बीड जिल्ह्यातील आपल्या वडिलांशी जामीवरून बोलावयाचे आहे. मध्ये केंद्र नसताना ही गाठ कशी पडते? या प्रक्रियेचे चार टप्पे आहेत : ओळख, शोध, वाट आणि वहन.

पहिला टप्पा : ओळख

जामीत खाते उघडताना मोबाईल क्रमांक वा ई-मेल मागितला जात नाही. मोबाईल स्वतःच दोन जोडकिल्ल्या तयार करतो. एक सार्वजनिक, जी कोणासही द्यावी. दुसरी खाजगी, जी मोबाईलबाहेर कोणाच्याही हाती पडू नये. यासाठी कुलपाचे उदाहरण घेता येईल. एखाद्याने आपली उघडी कुलपे सर्वांना वाटली आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली, तर कोणीही पेटीत पत्र घालून ते कुलूप लावू शकेल, पण ती पेटी एकट्या किल्लीवाल्यालाच उघडता येईल. सार्वजनिक किल्ली म्हणजे हे उघडे कुलूप.

सार्वजनिक किल्लीवरून गणिताने चाळीस चिन्हांची एक ओळखखूण तयार होते. शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजी वर्णमालेतील पहिली सहा अक्षरे यांची ती बनलेली असते. अशा संभाव्य खुणांची संख्या लिहावयाची झाल्यास ४९ अंक लागतात; त्यामुळे दोन व्यक्तींच्या वाट्यास एकच खूण येण्याचा संभव व्यवहारात नाही. ही खूण लक्षात ठेवणे कठीण असल्याने हवे असल्यास एक सोपे नावही नोंदविता येते.

दुसरा टप्पा : शोध

वडिलांची खूण मिळाली, पण त्यांचा मोबाईल या क्षणी इंटरनेटवर कोणत्या पत्त्यावर आहे, हे कसे समजावे? केंद्रित व्यवस्थेत हे मध्यवर्ती नोंदवहीत पाहिले जाते. विकेंद्रित व्यवस्थेत ती नोंदवही सर्वांत वाटून दिलेली असते.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात सर्व गावांची कागदपत्रे एकत्र ठेवण्याऐवजी ती गावोगावी वाटून ठेवली आहेत, आणि कोणता कागद कोणत्या गावी असेल हे कागदाच्या क्रमांकावरूनच ठरते, अशी कल्पना करावी. जामीच्या जाळ्यात सामील असलेल्या प्रत्येक यंत्रास एक क्रमांक असतो. एखाद्या खुणेची नोंद, त्या खुणेला ज्यांचे क्रमांक सर्वांत जवळचे, अशा काही यंत्रांवर ठेवली जाते. कामगाराचा मोबाईल आपल्या परिचयाच्या यंत्रांना विचारतो : या खुणेच्या अधिक जवळचे कोण तुम्हांस ठाऊक आहे? ती यंत्रे अधिक जवळच्या यंत्रांची नावे देतात, मग त्यांना विचारले जाते. प्रत्येक पायरीस शोधाचे क्षेत्र किमान निम्मे होत जाते. म्हणूनच जाळ्यात दहा लाख यंत्रे असली तरी सुमारे वीस पायऱ्यांत नोंद सापडते. पेटार मेमाउन्कोव्ह व डेव्हिड माझिएरेस यांनी २००२ साली मांडलेल्या 'कॅडेम्लिया' या पद्धतीवर हा शोध आधारलेला आहे. एकच नोंद अनेक यंत्रांवर असल्याने एखादे यंत्र बंद पडले तरी शोध थांबत नाही.

जाळ्यात प्रथमच प्रवेश करणाऱ्यास मात्र आधीपासून आत असलेल्या एखाद्या यंत्राचा पत्ता ठाऊक असावा लागतो. असा पत्ता सॉफ्टवेअरबरोबरच मिळतो आणि तो बदलताही येतो.

तिसरा टप्पा : वाट

पत्ता मिळाला तरी दारापर्यंत पोहोचणे सोपे नसते. इंटरनेटच्या जुन्या पत्ता-पद्धतीत सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत. ते जगास अपुरे पडल्यामुळे अनेक मोबाईल वा घरे मिळून एकच बाह्य पत्ता वापरतात. मोठ्या गृहनिर्माण संस्थेचे प्रवेशद्वार एकच असावे आणि आतील सदनिकांचे क्रमांक बाहेर कोणास ठाऊक नसावेत, तशी ही स्थिती आहे. द्वारपाल आतून बाहेर जाणाऱ्यास अडवीत नाही. बाहेरून येणाऱ्यास मात्र, आतील कोणी त्याला बोलाविले असेल तरच सोडतो.

यावर योजलेली युक्ती अशी. दोन्ही मोबाईल प्रथम बाहेरच्या एखाद्या साहाय्यक संगणकास विचारून 'आमचा बाह्य पत्ता कोणता दिसतो' हे जाणून घेतात. नंतर हे पत्ते परस्परांस कळवून दोघेही एकाच वेळी एकमेकांकडे पुडकी पाठवू लागतात. आतून कोणीतरी बाहेर संपर्क साधला आहे, असे दोन्ही द्वारपालांस दिसते व उलट येणारी पुडकी ते आत सोडतात. वाट मोकळी होते. काही ठिकाणी द्वारपाल अधिक कडक असतात व ही युक्ती चालत नाही. अशा वेळी तिसरा संगणक मध्यस्थ म्हणून पुडकी इकडून तिकडे पोहोचवितो. त्याच्या हातात बंद लखोटेच असतात. आतील मजकूर त्यास वाचता येत नाही. नव्या पत्ता-पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, पत्त्यांची टंचाई नाही. भारतातील मोबाईल जाळ्यांवर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आलेली असल्याने पुढील काळात थेट जोडणी अधिक सुकर होईल.

येथे 'थेट' या शब्दाविषयी गैरसमज नसावा. पुडकी जातात ती दूरसंचार कंपन्यांच्या तारांतून व मनोऱ्यांवरूनच. संभाषणाची सेवा चालविणारे स्वतंत्र केंद्र मध्ये नसते, एवढाच त्याचा अर्थ.

चौथा टप्पा : वहन

जुन्या अंकीय दूरध्वनीत आवाजाचे सेकंदास ८,००० वेळा मापन होई व प्रत्येक माप आठ अंशांत लिहिले जाई. म्हणजे एका आवाजासाठी सेकंदास ६४,००० अंश लागत. २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली 'ओपस' ही मुक्त ध्वनिपद्धती याच्या निम्म्याहून कमी अंशांत अधिक स्पष्ट आवाज पोहोचविते. साधारणपणे आवाजाचे वीस सहस्रांश सेकंदांचे तुकडे करून, म्हणजे सेकंदास पन्नास पुडकी या वेगाने, तो पाठविला जातो. एका दिशेने जाण्यास दीडशे सहस्रांश सेकंदांहून अधिक विलंब झाला तर बोलणाऱ्यांस अडखळल्यासारखे वाटू लागते. चित्रासाठी याच्या कित्येक पट अंश लागतात. म्हणून जाळे क्षीण असताना कॅमेरा बंद करून केवळ आवाजावर बोलणे शहाणपणाचे ठरते.

प्रत्येक पुडके निघण्यापूर्वीच मोबाईलमध्ये कूटबद्ध होते आणि समोरच्या मोबाईलमध्येच उलगडते. त्यामुळे वाटेतील मनोरा, राउटर वा मध्यस्थ यांपैकी कोणासही बोलणे समजत नाही.

अनेकांची सभा

दोघांचे बोलणे असे थेट होऊ शकते. मात्र संख्या वाढली की गणित बदलते. चार जणांनी परस्परांशी थेट जोडणी केल्यास सहा जोडण्या लागतात, दहा जणांसाठी ४५ आणि पन्नास जणांसाठी १,२२५. पन्नासांच्या सभेत प्रत्येकास आपले चित्र ४९ ठिकाणी पाठवावे लागेल. हे सामान्य मोबाईलच्या आवाक्याबाहेरचे आहे. जामीत यासाठी सहभागींपैकी एकाचे यंत्र यजमान होते. ते सर्वांची चित्रे गोळा करून, एकत्र मांडून सर्वांस परत पाठविते. छोट्या बैठकीस ही पद्धत पुरते, मोठ्या सभेस पुरत नाही.

मोठ्या सभेसाठी 'जित्सी' हे मुक्त सॉफ्टवेअर उपयुक्त आहे. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग विद्यापीठात २००३ साली एमिल इव्होव्ह यांनी त्याचा आरंभ केला. जित्सीस सर्व्हर लागतो, परंतु तो कोणाचा असावा यावर बंधन नाही. एखादी शाळा, महाविद्यालय वा संस्था तो स्वतःच्या संगणकावर बसवू शकते. भारतीय मुक्त सॉफ्टवेअर समुदायानेही अशी सेवा चालविली आहे.

केंद्रित आणि पूर्ण विकेंद्रित यांच्यामधला तिसरा मार्ग संघीय रचनेचा आहे. ज्याप्रमाणे एका कंपनीच्या ई-मेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ई-मेलवर पत्र जाते, त्याप्रमाणे येथे अनेक संस्थांचे सर्व्हर परस्परांशी बोलतात. गावोगावच्या दूध संस्था स्वतंत्र असूनही संघाद्वारे एकत्र काम करतात, तसेच हे आहे. १९९९ साली सुरू झालेली 'जॅबर', म्हणजे आजची 'एक्सएमपीपी', आणि २०१४ साली सुरू झालेली 'मेट्रिक्स' या अशा पद्धती होत. फ्रान्स सरकारने २०१९ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू केलेली 'चॅप' ही सेवा मेट्रिक्सवर आधारित आहे. आपल्या देशातही मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी एक्सएमपीपीवर आधारलेली आणि सहकारी तत्त्वावर चालवावयाची 'प्राव' ही सेवा उभारण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रास ही कल्पना परकी वाटू नये.

मर्यादा आणि जबाबदाऱ्या

केंद्र नाहीसे झाले की केंद्राचे दोष जातात. त्याबरोबर केंद्राने दिलेल्या सोयीही जातात. याची स्पष्ट जाणीव ठेवल्याशिवाय अशा साधनाकडे वळणे योग्य नव्हे.

पहिली गोष्ट किल्लीची. परवलीचा शब्द विसरल्यास 'नवा शब्द पाठवा' असे सांगावयास जामीत कोणी नाही. मोबाईल हरवला, दुसऱ्या यंत्रावर खाते जोडलेले नाही आणि प्रतही काढून ठेवलेली नाही, तर ते खाते कायमचे गेले असे समजावे. खाते उघडताच त्याची प्रत वेगळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवणे हे वापरणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

दुसरी गोष्ट उपस्थितीची. मध्ये निरोप सांभाळून ठेवणारा सर्व्हर नसल्याने दोन्ही बाजूंची यंत्रे एका वेळी जाळ्यावर आल्याशिवाय देवाणघेवाण पुरी होत नाही. मोबाईल वीज वाचविण्यासाठी झोपी जातो. त्यास जागे करण्याची सूचना बहुधा गूगल वा अ‍ॅपल यांच्याच यंत्रणेतून येते. म्हणजे स्वावलंबन येथेही संपूर्ण नाही.

तिसरी गोष्ट पत्त्याची. थेट जोडणीत समोरच्या यंत्रास आपला इंटरनेट पत्ता दिसतो. म्हणून अनोळखी व्यक्तीची विनंती स्वीकारताना सावधगिरी हवी. कूटबद्धता वाटेतील चोरापासून रक्षण करते. समोर बसलेल्या लबाडापासून करीत नाही. पोलीस अधिकारी असल्याचे भासवून पडद्यावरून धमकाविणारे भामटे कोणत्याही साधनावर येऊ शकतात.

चौथी गोष्ट कायद्याची. जे संभाषण मधल्या कोणालाच ऐकता येत नाही, ते तपास यंत्रणांनाही सहज ऐकता येत नाही. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधील दहशतवादी गटांकडून होणाऱ्या वापराचे कारण देऊन चौदा संदेश-सेवांवर बंदी घातली; त्यांत मेट्रिक्सवर चालणारे 'एलिमेंट' आणि विकेंद्रित 'ब्रायर' ही मुक्त सॉफ्टवेअरेही होती. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, नागरिकांच्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अंकीय व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. राष्ट्राची सुरक्षितता आणि व्यक्तीची खाजगी बाब या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न जगातील सर्वच लोकशाही देशांपुढे आहे व तो अद्याप सुटलेला नाही.

शासकीय कामकाजाबाबत मात्र संदिग्धतेस वाव नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने 'झूम' ही सेवा शासकीय कामासाठी वापरावयाची नाही, असे स्पष्ट केले होते. साधन मुक्त असो वा खाजगी, कार्यालयीन बैठकांसाठी शासनाने निश्चित केलेली व्यवस्थाच वापरली पाहिजे. वैयक्तिक पसंती तेथे गौण आहे.

शाळा, पंचायत आणि लघुउद्योग

असे असले तरी या विषयाचा अभ्यास प्रत्येक शाळेस व पंचायतीस करता येण्याजोगा आहे. एकाच राउटरला जोडलेल्या दोन संगणकांवर जामी बसवावे, दोन्ही खाती परस्परांच्या यादीत घ्यावीत आणि स्थानिक यंत्रे शोधण्याची सोय सुरू ठेवावी. नंतर राउटरची बाहेरची इंटरनेट जोडणी काढून घ्यावी. बाहेरचे जग तुटले तरी शाळेच्या आतील या दोन संगणकांत संभाषण होऊ शकते. इंटरनेट आणि त्यावरील एखादी सेवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे विद्यार्थ्यांस व्याख्यानापेक्षा या एका प्रयोगाने अधिक चांगले उमगेल.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची जोडणी नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली व पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती हे तिचे उद्दिष्ट आहे. तार गावात आली म्हणजे काम संपले, असे नव्हे. त्या तारेवरून गावकरी कोणाच्या अटींवर बोलतात, हेही पाहिले पाहिजे. दोन-तीन वेगवेगळी साधने ठाऊक असलेले गाव एखादी सेवा अकस्मात बंद पडली तरी अडून राहणार नाही. पुराच्या वा वादळाच्या दिवसांत याचे मोल अधिक जाणवेल. अर्थात वीज व जाळे शाबूत असतील तरच. जाळेच कोसळल्यास इंटरनेटवरील कोणतेही सॉफ्टवेअर दूरच्या गावाशी संपर्क साधून देऊ शकत नाही आणि तेथे पोलिसांची बिनतारी यंत्रणाच उपयोगी पडते.

भोसरी-चाकण पट्ट्यातील लघुउद्योजकांसही यात लक्ष घालण्यासारखे आहे. नव्या सुट्या भागाचे रेखाचित्र, त्याची किंमत, पुरवठ्याची मुदत ही त्यांची व्यावसायिक गुपिते होत. ती कोणत्या मार्गाने जातात व त्यांच्या प्रती कोठे राहतात, याची चौकशी करणे हे कारखान्याच्या दारास कुलूप लावण्याइतकेच आवश्यक आहे.

प्रत्येकाने आजच प्रचलित सेवा सोडून द्याव्यात, असा याचा अर्थ नाही. ज्यांच्याशी बोलावयाचे ती माणसे जेथे आहेत तेथेच जावे लागते, ही व्यवहारातील अडचण खरी आहे. तथापि एखाद्या कुटुंबाने वा संस्थेने प्रचलित साधनाबरोबर एक मुक्त साधन बसवून ठेवणे, महिन्यातून एकदा त्यावरून बोलून पाहणे आणि खात्याची प्रत जपून ठेवणे, एवढे आजही सहज शक्य आहे. मध्यवर्ती केंद्र जे काम आपल्यासाठी करीत होते, त्यातील थोडे काम विकेंद्रित व्यवस्थेत प्रत्येकाच्या वाट्यास येते. ग्रामपंचायतीच्या कारभाराचा अनुभव असलेल्यांना हे नव्याने सांगावयास नको : अधिकार गावाकडे आले की दप्तरही गावालाच सांभाळावे लागते.